नसांचं दुखणं आणि टपालातला डॉक्टर

मोबाइलवर डॉक्टरांना लक्षणं लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची, हे आता कोणाला नवं वाटत नाही. २५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यक सेवेचे नियम जाहीर केले. तेव्हापासून व्हिडिओ, फोन आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी दिलेल्या सल्ल्याला रीतसर चौकट मिळाली. तरीही घरोघरी एक शंका कायम आहे: प्रत्यक्ष न बघता, हात न लावता डॉक्टरला काय कळणार? त्यातून दुखणं 'नसांचं' असेल, म्हणजे छातीत धडधड, झोप नाही, लक्ष लागत नाही, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, तर ही शंका आणखी वाढते.

युरोपात अठराव्या शतकात हजारो रोग्यांनी नेमकं अशाच दुखण्यांसाठी पत्रानं सल्ला घेतला. नामवंत डॉक्टरांनी तो पत्रानंच दिला. ही पद्धत कशी चालायची, तिची घडी कुठे बसली होती आणि कुठे विस्कटायची, हे समजलं की आजच्या ऑनलाइन सल्ल्याकडून काय अपेक्षा ठेवावी याचाही अंदाज येतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ

मराठीत 'नस' म्हटलं की रक्ताची शीर असते, कधी मेंदूकडून संदेश नेणारा तंतू असतो, तर कधी दुखावलेला स्नायूसुद्धा असतो. युरोपातही असाच घोळ होता. 'नर्व्ह' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ स्नायुबंध, धनुष्याची ताणलेली दोरी. या लेखात मेंदूचे संदेश नेणाऱ्या तंतूंना मी चेतातंतू म्हणेन.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टरने मेंदू आणि चेतातंतूंचा बारकाईने अभ्यास केला. १६६४ मध्ये त्याचा ग्रंथ आला आणि पुढच्या शंभर वर्षांत 'सगळं दुखणं शेवटी चेतातंतूंचं' ही कल्पना लोकप्रिय होत गेली. काही जण चेतातंतूंना पोकळ नळ्या समजत, त्यांतून एक अतिसूक्ष्म द्रव वाहतो असं मानत. काही जण त्यांना तारा समजत. बाथ शहरातला डॉक्टर जॉर्ज चेन याने मनाची तुलना वाद्यापुढे बसलेल्या वादकाशी केली होती. आपला तंबोरा डोळ्यांपुढे आणला तर हे पटकन कळेल. तारा सैल पडल्या, हवेत दमटपणा आला, तर गवई कितीही तयारीचा असला तरी सूर लागणार नाही. दमट हवा, तेलकट-मांसाहारी जेवण, मद्य, बैठं काम आणि शहरातली गर्दी यांनी तारा सैलावतात, असं चेनचं म्हणणं होतं. इंग्लंडमधल्या खात्यापित्या लोकांच्या तक्रारींपैकी जवळपास एक तृतीयांश तक्रारी अशाच, असा अंदाज त्याने १७३३ मध्ये मांडला.

रोगांची नावं मात्र जुनीच राहिली. बायकांना झालं तर हिस्टेरिया, म्हणजे गर्भाशयाचा रोग. पुरुषांना झालं तर हायपोकॉन्ड्रिया, म्हणजे बरगड्यांखालच्या भागाचा रोग. दोन्ही मुळात एकच आहेत, हे थॉमस सिडनहॅम या इंग्लिश डॉक्टरने १६८२ मध्येच लिहिलं होतं. पुढे १७६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या विल्यम कलन या डॉक्टरने 'न्यूरोसिस' हा शब्द रूढ केला. आज तो ऐकला की मनाची अस्वस्थता डोळ्यांपुढे येते. कलनच्या यादीत मात्र त्याखाली पक्षाघात, फेफरं, दमा, डांग्या खोकला, मधुमेह आणि पटकीसुद्धा होती! एडिंबराच्याच रॉबर्ट व्हिटने तेव्हाच तक्रार केली होती की ज्याचं कारण डॉक्टरला कळत नाही, त्या प्रत्येक आजाराला 'नर्व्हस' म्हणून मोकळं व्हायची सवय पडली आहे. ती सवय आजही पूर्ण गेलेली नाही.

न बघता निदान होईलच कसं?

आपल्या वैद्यकात रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पत्रात पहिले दोन बाद होतात, हे खरं. पण अठराव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरकडे पहिल्या दोहोंत होतं तरी काय? नाडी, जीभ, चेहऱ्याचा रंग, लघवी. स्टेथोस्कोप १८१६ मध्ये पॅरिसला लाएनेकने बनवला. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची युक्ती १७६१ मध्ये छापून आली खरी, पण तिच्याकडे चाळीसेक वर्षं फारसं कोणी वळलं नाही. खिशात मावेल असा ताप मोजायचा छोटा थर्मामीटर १८६० च्या दशकातला. रक्ततपासणी, क्ष-किरण यांचं तर नावच नको. रोगी समोर बसला तरी डॉक्टरचं मुख्य साधन त्याची हकिकत हेच होतं.

त्यामुळे पत्रानं फारसं काही गमवावं लागत नसे, उलट एक फायदाच व्हायचा. समोर बसलेला रोगी घाबरतो, विसरतो, मधूनच भलतीकडे जातो. लिहायला बसला की तो वर्षांचा क्रम लावतो.

आणि दुखणं जुनं असायला हवं. पत्र पोचायला काही दिवस, डॉक्टर विचार करून लिहिणार, उत्तराला परत तेवढेच दिवस. न्यूमोनियाचा रोगी तोवर बरा तरी होतो किंवा दगावतो. पाच वर्षं झोप न लागणाऱ्या माणसाला आणखी पंधरा दिवसांनी फरक पडत नाही. टपालातली डॉक्टरी म्हणूनच चिवट, रेंगाळणाऱ्या दुखण्यांवर उभी राहिली, आणि त्यांत चेतातंतूंचे आजार मोठ्या संख्येनं होते.

पत्रात काय लिहायचं

सगळ्यात बोलकं उदाहरण डेव्हिड ह्यूमचं. पुढे थोर तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला हा स्कॉटिश माणूस १७३४ च्या वसंतात २३ वर्षांचा होत आला होता. एका डॉक्टरला त्याने स्वतःचं नाव न घालता लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा मसुदा टिकून आहे.

त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. १८ व्या वर्षापासून अभ्यासात बुडालेला होता. सप्टेंबर १७२९ च्या सुमारास सगळा उत्साह एकदम ओसरला. आधी त्याला वाटलं, आपणच आळशी झालो, म्हणून त्याने आणखी जोर लावला. मग बोटांवर डाग उठले. डॉक्टरने ते स्कर्व्हीचे ठरवून रस दिले. एप्रिल १७३० मध्ये तोंडाला सारखं पाणी सुटू लागलं. ते सांगितल्यावर डॉक्टर हसला आणि म्हणाला, तुम्हाला विद्वानांचा रोग जडला आहे. औषध काय, तर कडू काढे, हिस्टेरियावरच्या गोळ्या, रोज एक इंग्लिश पाइंट लाल वाइन आणि आठ-दहा स्कॉटिश मैल घोडेस्वारी. १७३१ च्या उन्हाळ्याआधी अचानक राक्षसी भूक लागू लागली. सहा आठवड्यांत काटकुळा पोरगा धष्टपुष्ट दिसू लागला. लोक म्हणू लागले, तब्येत सुधारली! आतून मात्र एकच विचार धरून सलग पुढे जाणं त्याला जमेना. मधेच थांबून नजर दुसरीकडे वळवावी लागे.

शेवटी त्याने नेमके प्रश्न विचारले. असा रोगी तुम्ही विद्वानांत पाहिला आहे का? बरा होईन का? किती काळ लागेल? पूर्ण बरा होईन का, की खोल विचार करण्याइतकी ताकद परत येणार नाही? आणि मी धरलेली वाट बरोबर आहे का? रोग्याला खरोखर काय जाणून घ्यायचं असतं, ते या पाच प्रश्नांत आलं आहे. रोगाचं नाव त्याने विचारलं नाही. पुढचं आयुष्य कसं असेल, हे विचारलं.

सगळेच ह्यूमसारखं लिहू शकत नसत. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराच्या साम्युएल तिसोने १७६१ मध्ये सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या आरोग्यपुस्तकाच्या शेवटी प्रश्नांची यादीच जोडली. दवाखान्यात आज भरून घेतात त्या फॉर्मची ही आजी म्हणावी. वय काय? आधी तब्येत कशी होती? रोजची राहणी कशी? कधीपासून आणि कसं सुरू झालं? ताप आहे का, नाडी कठीण की मऊ? दिवसभर अंथरुणात की उठून फिरता? दिवसाच्या सगळ्या वेळी सारखंच वाटतं का? डोकं, घसा, छाती, पोट, कंबर, हातपाय यांपैकी काय दुखतं? जीभ कोरडी का, तहान, तोंडाची चव, उलटी, शौच, लघवी, घाम, झोप कशी? कोणती औषधं घेतली आणि त्यांनी काय झालं? हेच दुखणं पूर्वी झालं होतं का? बायकांसाठी पाळी आणि गरोदरपणाचे, लहान मुलांसाठी दात आणि जंतांचे वेगळे प्रश्न होते.

यांतले दोन प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटतात: 'दिवसाच्या सगळ्या वेळी सारखंच का?' आणि 'औषधांनी काय झालं?' आजही लोक औषधांची नावं लिहितात, पण ती किती दिवस घेतली आणि कोणता त्रास वाढला किंवा कमी झाला, हे लिहीत नाहीत. तेच लिहिलं तर डॉक्टरचं अर्धं काम सोपं होतं.

टपाल, फी आणि नक्कल

तेव्हा पाकीट सहसा वापरत नसत. कागदाची घडी घालून लाखेने बंद करायची आणि वर पत्ता लिहायचा. ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा. दुसरा कागद जोडला की खर्च दुप्पट, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचा! म्हणून लोक एकाच कागदावर कडेपर्यंत बारीक अक्षरात लिहीत.

फी साधारण गिनीत मोजली जाई. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, लंडनमधल्या साध्या मजुराची सुमारे दोन आठवड्यांची कमाई.

आता डॉक्टरची बाजू. शंभर रोगी पत्रानं सल्ला घेत असतील, तर तीन महिन्यांपूर्वी कोणाला काय लिहिलं हे आठवणार कसं? कलन लेखनिकाकडून प्रत्येक उत्तराची नक्कल वहीत उतरवून घेई. वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटने १७८० मध्ये नक्कल काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओला पातळ कागद ठेवून दाबायचं. शाई उलटी उमटते, पण कागद पातळ असल्याने मागून सुलटी वाचता येते. कलनने १७८१ पासून हे यंत्र वापरलं. रोग्यांची आलेली पत्रं आणि गेलेल्या उत्तरांच्या प्रती मिळून त्याचा हजारो पत्रांचा साठा एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आजही आहे. रोग्याचा जुना कागद हाताशी असणं म्हणजे निम्मी डॉक्टरी, हे त्याने ओळखलं होतं.

उत्तरात काय यायचं

आधी डॉक्टरचं मत, मग पथ्य, मग औषध. भर पथ्यावर. युरोपीय वैद्यकात सहा गोष्टी महत्त्वाच्या मानत: हवा, खाणंपिणं, झोप-जाग, हालचाल-विश्रांती, शरीरातून बाहेर पडणं-साठणं, आणि मनातल्या भावना. आपल्या 'आहार-विहारा'ची ओळख असलेल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. पत्रातून पथ्य सांगणं सोपंही होतं. किती वाजता उठायचं हे सांगायला नाडी बघावी लागत नाही.

चेन दूध आणि शाकाहारावर भर देई. तो स्वतः एके काळी ३२ स्टोन, म्हणजे २०० किलोच्या घरात गेला होता आणि याच आहारानं सावरला होता. सॅम्युअल रिचर्डसन या बैठं काम करणाऱ्या छापखानदार कादंबरीकाराला त्याने पत्रातून 'घरातला घोडा' सुचवला. ही स्प्रिंगांची खुर्ची. तिच्यावर बसून वरखाली उसळायचं, घराबाहेर न पडता घोडेस्वारीचा व्यायाम!

औषधांत आपल्या ओळखीचा एक पदार्थ वारंवार भेटतो: हिंग. उग्र वासाने चेतातंतूंची उसळी शमते या समजुतीने हिंगाच्या गोळ्या हिस्टेरियावर सर्रास देत. शिवाय व्हॅलेरियनचं मूळ, कापूर, कस्तुरी, सिंकोनाची साल, लोखंडाचे कल्प, आणि झोपेसाठी लॉडनम, म्हणजे मद्यात विरघळवलेली अफू.

ग्रेन, ड्राम आणि चुका

औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये असे आणि औषध स्थानिक औषधविक्रेता बनवून देई. इथेच सगळ्यात धोक्याच्या चुका व्हायच्या.

मापं समजून घ्यायला आपली गुंज-मासा-तोळा ही साखळी आठवा. ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. त्यांच्याकडे २० ग्रेन म्हणजे १ स्क्रुपल, ३ स्क्रुपल म्हणजे १ ड्राम, ८ ड्राम म्हणजे १ औंस. ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा, म्हणजे साधारण अर्धी गुंज. ड्राम ३.९ ग्रॅम, औंस ३१ ग्रॅम. आता घोटाळा बघा. ड्रामची खूण शेपटीवाल्या इंग्रजी तीनसारखी, आणि औंसची खूण तशीच, फक्त डोक्यावर एक रेघ जास्त. लेखनिकाची लेखणी घसरली किंवा शाई पसरली, की मात्रा आठपट!

थेंबांचाही भरवसा नव्हता. बाटलीचं तोंड रुंद असेल तर थेंब मोठा. मद्यातल्या औषधाचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान पडतो. लॉडनमसारख्या औषधात हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणूनच १८०९ मध्ये लंडनच्या अधिकृत औषधसंहितेने थेंबाऐवजी 'मिनिम' हे मोजून घ्यायचं माप आणलं. एडिंबराची औषधसंहिता वेगळी होती. एकाच नावाचं औषध दोन शहरांत वेगळ्या ताकदीचं असू शके. ह्यूमने 'इंग्लिश' पाइंट असं मुद्दाम लिहिलं तेही याचसाठी. इंग्लिश वाइन-पाइंट अर्ध्या लिटरपेक्षा थोडा कमी, तर स्कॉटिश पाइंट सुमारे १.७ लिटर. तो एक शब्द गळला असता तर रोजची वाइन साडेतीन पट झाली असती.

बाईचं दुखणं कोण लिहायचं?

अनेकदा नवरा, वडील किंवा गावातला सर्जन. म्हणजे जिचं पोट दुखतंय तिचे शब्द गाळून उरलेलं डॉक्टरपर्यंत जायचं. पाळी, अंगावरून जाणं, नवऱ्याकडून होणारा त्रास यांबद्दल दुसऱ्याच्या हातून किती लिहिलं जाणार? ज्या पद्धतीचा सगळा डोलारा रोग्याच्या हकिकतीवर उभा, तिथे रोग्याचा आवाजच बदलला तर पाया सरकतो. माझ्या मते या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा दोष होता. शिवाय पत्र घरात मोठ्याने वाचलं जाई, डॉक्टरचा लेखनिक त्याची नक्कल करी. गुप्तता जेमतेमच. ह्यूमने नाव झाकलं ते उगीच नाही.

हे श्रीमंतांचे चोचले होते का?

गिनी परवडणाऱ्यांचंच हे जग, हे नाकारता येत नाही. पण तिसोने आपलं पुस्तक खेड्यापाड्यांसाठी लिहिलं आणि ते गरिबांना वाचून दाखवण्याचं काम पाद्री, शिक्षक, जमीनदार यांच्यावर सोपवलं. आणि रोग 'काल्पनिक' म्हणून झटकणं तर अन्यायाचं होईल. 'धडधड, अशक्तपणा, मन लागत नाही' या पत्रामागे थायरॉइड, रक्ताची कमतरता, अर्धशिशी किंवा नैराश्य, काहीही असू शकतं. तीनशे वर्षांनी कागदावरून ते ठरवायचा मोह टाळावा. त्रास मात्र खरा होता.

उपाय लागू पडायचे का?

काही पडायचे. रोज चालणं, वेळेवर झोप, मद्य कमी, कामात खंड: हे आजचा डॉक्टरही सांगेल. रक्त कमी असलेल्याला लोखंडाने, हिवतापाच्या रोग्याला सिंकोनाने खराच गुण यायचा. रक्त काढणं, जुलाब आणि अफू यांनी मात्र नुकसान व्हायचं, आणि अफूची सवय लागली की नवं दुखणं सुरू. शिवाय कोणीतरी आपलं लांबलचक रडगाणं नीट वाचलं आणि मुद्द्याला मुद्दा उत्तर दिलं, याचाही गुण यायचा. ह्यूम त्या पत्रानंतर काही महिने ब्रिस्टलला व्यापाऱ्याच्या कचेरीत राहिला, मग फ्रान्सला गेला, आणि १७३९ मध्ये त्याचा मोठा तत्त्वज्ञानग्रंथ छापून आला. तो ६५ वर्षं जगला.

मग ही पद्धत मागे का पडली?

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. आता तर पत्रव्यवहार वाढायला हवा होता! पण तोवर डॉक्टरांच्या हाती स्टेथोस्कोप आला होता. हकिकतीपेक्षा छातीचा आवाज महत्त्वाचा झाला आणि रोग्याला दवाखान्यात यावं लागू लागलं.

आज ऑनलाइन सल्ला घेताना

जुन्या, चिवट दुखण्यासाठी लेखी सल्ला आजही उपयोगी आहे. तिसोची यादी जवळजवळ जशीच्या तशी वापरा. सुरुवातीची तारीख, दिवसाची वेळ, झोप, पाळी, आधीची औषधं मिलिग्रॅमसह आणि त्यांचा परिणाम. औषधाच्या पाकिटाचा फोटो जोडा, म्हणजे ड्राम-औंसचा घोळ होणार नाही. हात थरथरतो किंवा झटका येतो असं असेल तर त्या वेळचा व्हिडिओ घरच्यांकडून काढून घ्या. ही सोय कलनकडे नव्हती. बाईचा त्रास बाईनेच लिहावा किंवा सांगावा. गरज पडली तर डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची वेळ मागून घ्यावी. सवय लागणारी, अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी बहुतेक औषधं दूरवैद्यक सल्ल्यातून देता येत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं.

मात्र तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा आयुष्यात पहिल्यांदा झटका आला, तर टाइप करत बसू नका. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून घ्या, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.